‘डार्क ऑक्सिजन’ला मराठीत काय म्हणायचं?

एक विज्ञानलेख तपासतेय: खोल समुद्रतळावर उजेडाशिवाय तयार होत असावा अशा ऑक्सिजनबद्दल. भाषांतरकाराने ‘डार्क ऑक्सिजन’चं ‘कृष्ण प्राणवायू’ केलंय. कृष्णविवर, कृष्णद्रव्य चालतं, मग हे का नाही, असा त्यांचा सवाल. मला खटकतंय, पण कारण नेमकं सांगता येत नाहीये.

▪ खटकायलाच हवं. कृष्णविवरातून उजेड बाहेर पडत नाही, कृष्णद्रव्य दिसत नाही. तिथे काळेपणा त्या वस्तूचा. इथे वायू आपला नेहमीचाच, अंधार आहे तो जागेचा. ही जागा म्हणजे प्रशांत महासागरातला क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा, खोली सुमारे ४००० मीटर. तिथे ऊन पोचतच नाही. म्हणून ‘अंधारातला ऑक्सिजन’. सगळं काम ‘तला’ करतो. ‘तमोजात’ (अंधारात जन्मलेला) अर्थाने चोख आहे, पण वाचक तिथेच अडखळेल. आणि ‘प्राणवायू’ म्हटलं की पंचप्राणांतला प्राणही डोकावतो; विजेने पाणी फुटण्याच्या (विद्युत अपघटनाच्या) गोष्टीत तो कशाला?

▪ लेखात नोड्यूलला (समुद्रतळावरचे धातूंचे गोळे, ज्यांच्यापाशी हा ऑक्सिजन आढळला) ‘गाठी’ म्हटलंय का? मग तेही बदला. गाठ बांधलेली तरी असते, नाहीतर अंगात आलेली. ‘गोटा’ही नको, तो झिजून गुळगुळीत होतो. हे उलट वाढतात. शार्कच्या दाताभोवती किंवा शिंपल्याच्या तुकड्याभोवती मँगनीज, लोह, निकेल, कोबाल्ट, तांबं यांचे थर चढत जातात, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. मूतखडाही असाच थराथराने वाढतो (उपमा ओंगळ आहे, मान्य). तेव्हा ‘बहुधातू खडे’.

▪ लेखात ‘ऑक्सिजनची निर्मिती’ असेल, तर माझा आक्षेप ‘निर्मिती’ला. सागरशास्त्रज्ञ अँड्र्यू स्वीटमन यांच्या गटाने तळावर बंदिस्त कप्पे ठेवले. आतला ऑक्सिजन जीवांनी वापरून कमी व्हायला हवा होता, तो दोन दिवसांत तिपटीहून वर गेला. २०१३ मध्ये असंच दिसलं तेव्हा त्यांना संवेदकच बिघडलेत असं वाटलं होतं. खड्यांवर ०.९५ व्होल्टपर्यंत विद्युतदाब मोजला गेला. समुद्राचं पाणी फोडायला सुमारे दीड व्होल्ट लागतो. खडे एकमेकांना टेकले की दाबांची बेरीज होत असावी, असा त्यांचा तर्क. कप्प्यात हवेचे बुडबुडे अडकले असतील, असं टीकाकार म्हणतात. म्हणजे मोजली ती ‘वाढ’. ‘निर्मिती’ हा अनुमानाचा शब्द.

▪ बरोबर. पण ‘खड्यांचा ऑक्सिजन’ही करू नका. नायट्रोसोप्युमिलस हा सूक्ष्मजीव अंधारात ऑक्सिजन तयार करतो, हे २०२२ मध्ये प्रयोगशाळेत दिसलंय. डार्क ऑक्सिजनमध्ये त्याचा ऑक्सिजनही येतो.

आभार. वाक्य असं केलं: ‘अंधारातल्या समुद्रतळावर ऑक्सिजनची वाढ आढळली; तो बहुधातू खड्यांपाशी तयार होत असावा, असं या गटाला वाटतं.’ भाषांतरकार ‘खडे’वर अजून कुरकुरताहेत.