पुटकुळी, दाणा की पिटिका?

अनुवादिनी
पुरुष रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा मी अनुवाद करीत आहे आणि पहिल्याच शब्दापाशी आठवडाभर अडले आहे. शिश्नमुंडाच्या, म्हणजे लिंगाच्या टोकाच्या, कडेने, माळ ओवावी तसे, एक-दोन मिलिमीटरचे, त्वचेच्याच रंगाचे किंवा पांढुरके उंचवटे अनेक तरुणांना असतात. ते एका ओळीत किंवा दोन-तीन ओळींत सारख्या अंतराने बसलेले असतात, दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि संसर्गाशी त्यांचा काही संबंध नसतो. डॉक्टर त्यांना 'पर्ली पॅप्यूल' म्हणतात. मी 'मोतीदार पुटकुळ्या' असे लिहिले, तर मसुदा तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो शब्द खोडून समासात लिहिले, "पुटकुळीत पाणी किंवा पू असतो. यांत काहीच नसते." माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, अंगावर उठलेल्या कोणत्याही बारीक उंचवट्याला पुटकुळीच म्हणत. मग चूक कोणाची?

जुना मुद्रितशोधक
माझ्या मते डॉक्टरांचे बरोबर आहे, आणि त्याचे कारण नामात नसून क्रियापदात आहे. पुळी पिकते, फोड फुटतो, पुटकुळी फोडतात, गळू बसते किंवा वाहते, चामखीळ पाडतात, केसतूड मुळासकट निघाले की बरे वाटते. आपल्या भाषेतल्या अशा प्रत्येक शब्दाला त्याचे क्रियापद चिकटलेले आहे आणि शब्द वाचताच माणसाचा हात त्या क्रियापदाकडे जातो. आपल्याला असा शब्द हवा आहे, ज्याचे क्रियापद 'असणे' हेच आहे. तीळ असतो, लास असते. ते कोणी फोडायला जात नाही.

चर्मचिकित्सक
मुद्रितशोधकांनी लिहिले आहे ते मी बाह्यरुग्ण विभागात पाहिले आहे. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याने शिवणाच्या सुईने असे सात-आठ दाणे टोचले होते आणि त्यांतून पू न निघता रक्त निघाले, म्हणून तो अधिकच घाबरला होता. टोचलेल्या जागा सुजल्या होत्या, न टोचलेले दाणे जसेच्या तसे शांत होते. "पुटकुळ्या आहेत, फुटत नाहीत," हेच त्याचे पहिले वाक्य होते. त्या दाण्यांना कोणत्याही उपचाराची गरज नव्हती. उपचार करावा लागला तो सुईच्या जखमांवर. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हा शब्द पत्रकात येऊ देऊ नका.

शब्दान्वेषी
घरगुती शब्दांच्या मागे लागल्यावर असा घोळ होणारच. आपल्याकडे 'पिडका' आणि 'पिटिका' हे सुंदर शब्द तयार आहेत. भरीव उंचवट्याला 'पिटिका', पाणी धरलेल्या फोडाला 'पुटिका', पू धरलेल्याला 'पूयिका' अशी रेखीव व्यवस्था लावता येते. 'मौक्तिक पिटिका' असे लिहावे. वाचक दोनदा वाचील आणि शिकेल.

अनुवादिनी
आपल्या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे, पण पिटिका आणि पुटिका यांत एका वेलांटी-उकाराचे अंतर आहे आणि तेवढ्यावर एक निरुपद्रवी दाणा आणि नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, म्हणजे हर्पीसचा, झोंबणारा फोड वेगळे काढायचे आहेत. हा वाचक दार लावून, घाबरलेल्या मनाने, मोबाईलच्या उजेडात पत्रक वाचणार आहे. त्याच्याकडून दोनदा वाचण्याची अपेक्षा मी ठेवू शकत नाही. 'मोत्यासारखे दाणे' कसे वाटते?

नागपूरहून
'दाणे' उत्तम आहे, पण 'मोती' काढून टाका. आमच्याकडे मोतीझिरा म्हणजे ताप आणि मोतीबिंदू म्हणजे डोळ्याचे ऑपरेशन. 'खसखशीएवढे दाणे' म्हणा; खसखस प्रत्येकाने पाहिलेली असते.

शब्दान्वेषी
संस्कृतच्या नावाने इतके बिचकू नये, कारण तुमचे घरगुती शब्दही तिथूनच आलेले आहेत. 'चामखीळ' म्हणजे सुश्रुताचा 'चर्मकील', कातड्यात ठोकलेला खिळा. 'मस' हा शब्द डास या अर्थाच्या 'मशक'वरून आला असे काहीजण सांगतात, पण मला ते मान्य नाही. सुश्रुत 'मषक' सांगताना न दुखणारा, स्थिर, उडदासारखा काळा आणि उंच असे वर्णन करतो, म्हणजे मूळ 'माष', उडीद, हेच असले पाहिजे. लिंगावरच्या विकारांचा तर त्याने 'शूकदोष' म्हणून स्वतंत्र अध्याय लिहून अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या पहिल्याचे नाव मोहरीवरून 'सर्षपिका' असे आहे.

नागपूरहून
म्हणजे सुश्रुतानेही स्वयंपाकघरातलीच मोहरी घेतली. मी खसखस म्हटले, तर एवढा विरोध का?

चर्मचिकित्सक
चामखिळीचा विषय निघालाच आहे, तर एक धोका सांगतो. गावाकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधतात किंवा चुना लावतात, आणि पायाच्या भोवरीवरचे आम्लाचे औषध दुकानात सहज मिळते. यांतले काहीही या नाजूक त्वचेवर चालत नाही. इथल्या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात. त्या फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या खडबडीत असतात, ओळ धरीत नाहीत, संख्येने वाढतात आणि जोडीदाराला लागतात. दाण्याच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असेल, तर तो वेगळ्याच विषाणूचा, मोलस्कमचा असतो. रात्री खाज सुटून अंडकोशावर आणि लिंगावर टणक गाठी येतात, ती पुष्कळदा खरूज असते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते.

गोव्याहून
मला 'गरमी' या शब्दाबद्दल विचारायचे आहे. आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती होती, पण तिचा अर्थ कोणी फोडून सांगत नसे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात सोळाव्या शतकात 'फिरंग' नावाने हा रोग, म्हणजे सिफिलीस, येतो, तो पोर्तुगिजांच्या संबंधाने, आणि त्यावर चोपचिनी ही औषधी मुळी सांगितलेली आहे. आज पुस्तकात 'उपदंश' लिहितात. सुश्रुताचा उपदंश आणि हा उपदंश एकच का?

शब्दान्वेषी
एकच नव्हे. सुश्रुताचा उपदंश व्यापक आहे. नव्या रोगाला जुने नाव चिकटवले गेले. मी तर 'फिरंग'च पुन्हा रूढ करावा असे म्हणेन.

जुना मुद्रितशोधक
रोगाला परक्या लोकांचे नाव देण्याची ती रीत पुन्हा सुरू करू नये, असे मला मनापासून वाटते.

चर्मचिकित्सक
'गरमी' शब्दाने फार माणसे फसतात. उपदंशाचा पहिला व्रण संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, तो एकच, कडक कडेचा आणि बहुधा न दुखणारा असतो. माणूस म्हणतो, उष्णता बाहेर पडली, आणि सब्जा, गुलकंद, ताक सुरू करतो. तीन ते सहा आठवड्यांत तो व्रण आपोआप भरतो, श्रेय सब्जाला जाते आणि रोग शरीरात राहतो. काही आठवड्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर चट्टे आले की मग तो माझ्याकडे येतो, पण त्या पहिल्या व्रणाचे नावही काढत नाही, कारण त्याच्या लेखी ती पुटकुळी होती आणि ती बरी झाली. पत्रकात 'न दुखणारा व्रणही दाखवा' हे वाक्य ठळक छापा. उतारवयात, मागे न सरकणाऱ्या कातडीखाली न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ असेल, तर तीही थांबण्यासारखी नसते. तो क्वचित कर्करोग असू शकतो.

अनुवादिनी
ते वाक्य घेतले. 'दाणे'ही घेते आहे, पण पुढच्याच परिच्छेदात लिंगाच्या दांड्यावरचे पिवळसर, रव्यासारखे ठिपके आहेत, ज्यांना फोर्डाइस यांचे नाव आहे. त्या नुसत्या तेलग्रंथी असतात आणि ओठांवरही दिसतात. कातडी ताणली की ते स्पष्ट होतात. त्यांनाही दाणेच म्हटले, तर वाचक दोन्ही एक समजेल.

नागपूरहून
एक खसखस, एक रवा.

शब्दान्वेषी
'स्नेहबिंदू'.

जुना मुद्रितशोधक
पत्रकात जांघेतल्या गाठीसाठी काय घेतले आहे? पायाला ठेच लागून जांघेत गाठ आली की आम्ही 'अवधाण आले' म्हणतो, आणि गरमीसारख्या रोगांत येते तिला जुने लोक 'बद' म्हणत. दोन्हींसाठी नुसते 'गाठ' छापले, तर ज्याला बद आली आहे तो ठेच कधी लागली होती, तेच आठवत बसेल.