‘नावातूनच व्यवसाय कळावा’ या सल्ल्याचा आलेला वीट

तळटीप :
काल एका सदस्यांनी लिहिले की, इंटरनेटवरील कंपनीच्या नावातून तिचा व्यवसाय तत्काळ कळलाच पाहिजे. आगळेवेगळे नाव ही जाहिरातीवर पैसा उधळू शकणाऱ्यांची चैन आहे. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होते, पण तो सल्ला इतक्या ठामपणे दिला आहे की वेगळा धागा काढावा लागला. ज्या शब्दाने वस्तूचे वर्णन होते, तो शब्द सर्वांच्या मालकीचा असतो. उद्या प्रतिस्पर्ध्याने तोच वापरला, तर त्याला अडवणे कठीण. अमेरिकी न्यायालयांत 1976 च्या एका निकालापासून व्यापारचिन्ह म्हणून नावांच्या संरक्षणाची जी उतरंड रूढ आहे, तिच्यात सामान्यनाम तळाशी, त्याच्यावर वर्णनात्मक नाव, मग सूचक, आणि सर्वांत भक्कम संरक्षण वस्तूशी काडीचाही संबंध नसलेल्या किंवा मनाने घडवलेल्या शब्दाला. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमन यांनी 1888 मध्ये ‘कोडॅक’ हे नाव घेतले, ते लहान, उच्चाराला सोपे आणि दुसऱ्या कशाशीही साम्य नसलेले हवे म्हणूनच. याउलट पाळीव प्राण्यांचे सामान इंटरनेटवर विकणाऱ्या ‘पेट्स डॉट कॉम’च्या नावातून व्यवसाय लख्ख कळत होता. तिचे समभाग 2000 च्या फेब्रुवारीत बाजारात आले आणि नोव्हेंबरमध्ये तिने गाशा गुंडाळला.

उंटावरचा शहाणा :
ते सदस्य मीच. ती कंपनी बुडाली ती खरेदीपेक्षा कमी भावात माल विकल्यामुळे. त्याचे पाप नावाच्या माथी मारणे हा युक्तिवाद नव्हे. शिवाय 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बुकिंग डॉट कॉम’ या नावाची नोंदणी आठ विरुद्ध एक मताने ग्राह्य धरली, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. माझ्या पहिल्या कंपनीला मी असेच अगम्य नाव दिले होते. प्रत्येक नव्या ग्राहकाबरोबरची पहिली पाच मिनिटे नावाचा अर्थ सांगण्यात गेली, आणि दोन वर्षांनी कंपनीही गेली.

तळटीप :
त्याच खटल्यात आपले व्यापारचिन्ह दुबळे राहील, हे त्या कंपनीने स्वतःच मान्य केले होते. विसरण्याची सोय दोन्हीकडे आहे, असे दिसते.

शुद्धलेखनवाला :
मूळ रोग तुम्हा दोघांच्याही नजरेतून निसटला आहे, आणि तो म्हणजे स्वर गाळण्याची खोड. छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’ या संकेतस्थळाने शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ गाळला आणि मग ती साथच पसरली. ट्विटरनेही 2006 मध्ये स्वरांविनाच सुरुवात केली होती. स्वर नंतर विकत घ्यावे लागले. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो, तिच्या नावात दोन स्वर कमी होते आणि फोनवर ई-मेलचा पत्ता सांगणे हे माझे अर्धे काम झाले होते. एका ग्राहकाने आमचे करारपत्र शुद्ध स्पेलिंगच्या पत्त्यावर, म्हणजे भलत्याच माणसाकडे पाठवले.

कोरी पाटी :
स्वर हौसेने गाळले जात नाहीत. शब्दकोशातील बरे शब्द डॉट कॉमसह अडवून बसलेल्या साठेबाजांना आपण काहीच बोलणार नाही का? मी रात्री शोधून ठेवलेला मोकळा पत्ता सकाळी दुसऱ्याच्या नावावर होता. ‘ईबे’ हे नावसुद्धा ‘इको बे’चा पत्ता आधीच गेलेला असल्यामुळे जन्माला आले.

शुद्धलेखनवाला :
त्यांनी शब्द आखूडला, पण त्याचे स्पेलिंग विद्रूप केले नाही. एवढा फरकही समजत नसेल, तर आपण धारण केलेले नाव सार्थ आहे.

कोरी पाटी :
नाव सार्थ, म्हणजे वर्णनात्मक. उंटावरच्या शहाण्यांना आनंद होईल. वैयक्तिक शेरे संपले असतील, तर 2011 मध्ये ‘ओव्हरस्टॉक’ या इंटरनेटवरील दुकानाने ‘ओ डॉट को’ हे नाव घेतले तेव्हा काय झाले तेही पाहा. स्पेलिंग चुकायला जागाच नव्हती, तरी लोक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ लिहीत राहिले आणि कंपनीला जुन्या नावाकडे परतावे लागले.

तळटीप :
शुद्धलेखनवाल्यांचा सूर मला आवडलेला नाही, पण नाव फोनवरून कानाला नीट कळले पाहिजे, हा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करते. बेझोस यांनी 1994 मध्ये कंपनीला आधी ‘कॅडॅब्रा’ हे नाव दिले होते. वकिलाने फोनवर ते ‘कॅडॅव्हर’, म्हणजे प्रेत, असे ऐकले, आणि पुढे ‘अ‍ॅमेझॉन’ आले. मात्र दुसरे नावही पुस्तकविक्रीचे वर्णन करणारे नव्हते, याकडे लक्ष वेधते.

उंटावरचा शहाणा :
लक्ष वेधले गेले; आभारी आहे. आता माझीही कबुली घ्या. दुसऱ्या कंपनीला मी काटेकोर वर्णनात्मक नाव दिले. ती व्यवस्थित चालते आणि नावाचा अर्थ कोणीही विचारत नाही. मात्र शोधयंत्रात ते नाव टाकले की पहिल्या पानभर माझे प्रतिस्पर्धी दिसतात. म्हणूनच ते नाव मी येथे सांगत नाही. सांगितले तरी कंपनी आपल्याला सापडणार नाही.