रतलामचा निकाल नगरपंचायतीविरुद्ध वापरायचा आहे, नंतरचे कोणते निकाल जोडावेत?

तालुका_बार:
वॉर्डातल्या उघड्या नालीसाठी एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज आहे. आधार रतलाम नगरपरिषद वि. वर्धीचंद (१९८०) : नाल्या आणि घाण दूर करणं परिषदेचं कर्तव्य, निधी नाही ही सबब चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. समोरचे वकील म्हणतात, तो मध्यप्रदेशच्या कायद्यावरचा निकाल आहे, शिवाय उच्च न्यायालयानं नंतर तो 'डिस्टिंग्विश' केला म्हणजे संपला. रतलामचा उल्लेख असलेले निकाल तर ढीगभर निघतात. निवडायचे कसे?

वऱ्हाडी_वकील:
भाऊ, आधी मूळ निकाल पूर्ण वाचा : (१९८०) ४ एससीसी १६२ (एससीसी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची खाजगी छापील मालिका). तो दोन पायांवर उभा आहे. पहिला, जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३, सार्वजनिक उपद्रव. हा केंद्राचा कायदा. रतलामला जो, तोच दर्यापूरला. १ जुलै २०२४ पासून तेच कलम १५२ झालं. दुसरा, मध्यप्रदेशच्या १९६१ च्या नगरपालिका अधिनियमाचं कलम १२३, म्हणजे परिषदेची कर्तव्यं. हरकत लागलीच तर या दुसऱ्या पायाला लागते. त्यासाठी आपल्या महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम ४९, तेही परिषदेच्या कर्तव्यांचं (नगरपंचायतींनाही हाच अधिनियम) आणि ते १२३ एकाच पानावर शेजारी-शेजारी टाइप करा, नाली-सफाईचे शब्द अधोरेखित करा. नुसतं 'तरतुदी सारख्या आहेत' असं लिहून भागत नाही.

'डिस्टिंग्विश' म्हणजे तत्त्व मोडलं नाही, या प्रकरणातल्या वस्तुस्थितीला ते लागत नाही एवढंच. मोडणं म्हणजे 'ओव्हररूल', आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालय ओव्हररूल करूच शकत नाही. घटनेचा अनुच्छेद १४१ आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. त्यांनी जोडलेल्या निकालात नेमका कोणता फरक दाखवलाय तो परिच्छेद शोधा. वाद दोन शेजाऱ्यांमधला खाजगी असेल, तर १३३ लागणारच नव्हतं. तुमची नाली सार्वजनिक रस्त्याची आहे, हे नकाशा आणि मुख्याधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारावरून दाखवलं की तो निकाल गळून पडतो.

नगरपालिका_नोंदी:
ढिगातले बहुतेक निकाल रतलामचं नुसतं नाव घेऊन पुढे जातात. ते बाजूला काढा. जिथं न्यायालयानं ते तत्त्व उचलून त्यावर स्वतःचा आदेश उभा केला, तेच कामाचे. 'पैसा नाही' या सबबीसाठी बी. एल. वढेरा वि. भारत सरकार, (१९९६) २ एससीसी ५९४ घ्या. विषय दिल्लीचा कचरा होता, पण निधीची सबब चालत नाही हा रतलामचा भाग तिथं उद्धृत करून लागू केलाय.

समोरून एखादा दोन ओळींचा आदेश आला तर दिल्ली महानगरपालिका वि. गुरनाम कौर, (१९८९) १ एससीसी १०१ हाताशी ठेवा. आधीच्या एका आदेशात कायद्यावर युक्तिवादच झाला नव्हता, तरी उच्च न्यायालयानं तो बंधनकारक मानला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, असा आदेश पूर्वनिर्णय ठरत नाही. हे दुधारी आहे बरं, तुमच्या यादीतल्या आदेशांनाही लागू होतं.

कारकून_डेस्क:
हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून दाखवू नका, ती संपादकाची असते. 'असे ठरले' लिहिण्याआधी तो परिच्छेद न्यायालयाचाच आहे का पाहा. पुष्कळदा तो वकिलांच्या युक्तिवादाचा किंवा दुसऱ्या निकालातला उतारा निघतो. एससीसी आणि एआयआर (दुसरी निकाल-मालिका) यांचे परिच्छेद क्रमांक दर वेळी जुळत नाहीत, म्हणून जी प्रत जोडली त्याचेच क्रमांक द्या. ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकाल-मालिकेच्या, एससीआरच्या, संकेतस्थळावर) रतलाम फुकट मिळतो, पण निकाल १९८० चा असला तरी खंड १९८१ चा आहे : १९८१ (१) एससीआर ९७. १९८० च्या खंडात शोधत बसाल तर सापडणार नाही.

तालुका_बार:
जुन्या नागपूर हायकोर्टाचे म्युनिसिपालिटीवरचे निकाल जोडले तर?

वऱ्हाडी_वकील:
काहून जोडता? ते बहुतेक १९२२ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड कायद्यावरचे. तो कायदा १९६५ च्या अधिनियमानं रद्द झाला. आपल्या कलमाशी शब्द जुळत असतील तरच घ्या, तेही शेवटी. रतलाम, कलम ४९ चं पान आणि वढेरा, एवढे तिन्ही एसडीओ साहेबांसमोर पुरे. एक संच त्यांना, एक समोरच्यांना.