‘कुटुंब असताना वेगळे घर कशाला?’ या मताला उत्तर

मानेवाडेकर:
गेल्या आठवड्यात येथे एका गृहस्थांनी लिहिले की, ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांनी मोठेपणी वेगळे राहावे हे परदेशातून आणलेले खूळ आहे, आपल्याकडे एकत्र कुटुंब ही त्यांची आयती सोय आहे आणि जो एकटा राहू शकतो तो मुळात ऑटिस्टिक नसावाच. शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

माझे वय 34 आहे. निदान 29 व्या वर्षी झाले आणि नागपुरात मानेवाड्यात मी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. इतवारीच्या आमच्या भरल्या घरात माझे कोणी वाईट केले नाही. परंतु मिक्सर, टीव्ही, कूलर आणि आत्यांच्या गप्पा एकदम सुरू असल्या की समोरच्याचे वाक्य माझ्यापर्यंत पोहोचत नसे, आणि मी माडीवर जाऊन दार लावून घेतले की ‘पाहुण्यांसमोर शोभा केली’ अशी चर्चा होई. मारबतीच्या गजबजलेल्या मिरवणुकीच्या दिवशी सगळे घर गच्चीवर आणि मी कोठीच्या खोलीत कानांवर उशी दाबून बसलेली, हे ठरलेलेच होते. कूलर येथेही आहे, नागपूरच्या मे महिन्यात त्यावाचून भागत नाही. मात्र येथे तो एकच आवाज असतो आणि त्याची घरघर मला सोसते, किंबहुना आवडते.

एकटी राहते म्हणजे मदतीवाचून राहते, असे कोणी समजू नये. भूक लागल्याचे मला कळत नाही. मोबाइलचा गजर झाला की मी जेवते. घराची एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. त्या एकदम दार वाजवत नाहीत, आधी लिहून कळवतात: ‘चारला नळवाला येईल, मी सोबत असेन.’ दवाखान्याचे फोन भाऊ करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 5 सांगते की दिव्यांग व्यक्तीवर राहण्याच्या विशिष्ट व्यवस्थेची सक्ती नसावी, आणि तेच कलम वैयक्तिक साहाय्याचाही उल्लेख करते. वेगळे घर आणि मदत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

लक्ष्मीनगरकर:
ते गृहस्थ मीच. माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, बोलत नाही, आणि कलम 5 त्याला आंघोळ घालायला येत नाही. त्या कलमात शासन ‘प्रयत्न करील’ असे आहे, हेही वाचावे. एवढे सुसूत्र लिहिणाऱ्या बाईंनी आपल्या अनुभवावरून माझ्या घराचा निवाडा करू नये. आमच्या पश्चात काय, हा प्रश्न मला रोज पडतो. म्हणूनच राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्ह्यातल्या स्थानिक स्तरीय समितीकडे अर्ज करून थोरल्या मुलीला त्याची कायदेशीर पालक, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारी, नेमून घ्यावे, असे मी ठरवले आहे.

धाकटा भाऊ:
काका, तुम्ही ठरवले. थोरल्या मुलीला विचारलेत का? माझा मोठा भाऊ ऑटिस्टिक आहे आणि ‘याचे सगळे तुझ्यावरच’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. पुण्याची नोकरी त्यामुळे सोडली. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी माझ्या पगाराआधी ‘भाऊ कुठे राहणार’ हे विचारले. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो, हे आमच्या नात्यात कोणालाही माहीत नव्हते. सर्वांना एवढेच माहीत होते की ‘धाकटा बघेल’.

मानेवाडेकर:
आणि त्याच 1999 च्या कायद्याचे कलम 17 पाहा. पालकाने छळ केला किंवा मालमत्तेचा अपहार केला, तर त्याला हटवण्यासाठी आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याचे नाव त्या यादीत नाही. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. तेथे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. तो मार्ग दिसत असताना सगळे अधिकार एकदम दुसऱ्याच्या हाती द्यायची एवढी घाई कशाला?

लक्ष्मीनगरकर:
सगळे बाप चोर असतात असे म्हणायचे असेल तर सरळ म्हणा, कलमांचा आडोसा घेऊ नका. चोवीस वर्षे त्याची नखे मी कापतो आहे, तीही तो झोपल्यावर, कारण जागेपणी त्याला ते सोसत नाही. ‘त्याची इच्छा’ मला शिकवू नये.

त्रिमूर्तीनगरचा घरमालक:
माझाही मुद्दा विचारात घ्यावा. अशा भाडेकरूला रात्री काही झाले तर पोलिसांच्या प्रश्नांना मालकानेच उत्तरे द्यायची का?

मानेवाडेकर:
तुमच्या इतर भाडेकरूंना रात्री काही होत नाही, याबद्दल अभिनंदन.

महालची आई:
दोघांनीही थोडे थांबावे. माझी मुलगी 27 वर्षांची आहे. वरणाचा ओघळ भातापर्यंत आला की ती ताट सरकवते, आणि ते ताट पुन्हा वाढणारी या वाड्यात मी एकटीच आहे. घरात चार बिऱ्हाडे आहेत, दिवाळीला सगळे एकत्र फराळ करतात, पण मला तापात तासभर डोळा लावायचा झाला तर तिच्याजवळ बसायला कोणी नसते. लक्ष्मीनगरच्या भाऊंनी ज्या एकत्र कुटुंबाची आयती सोय सांगितली, ती सोय म्हणजे बहुधा घरातली एकच बाई असते.

मानेवाड्याच्या ताईंनाही सांगते. किल्ली सांभाळणाऱ्या काकू भेटणे हे तुमचे नशीब आहे. उद्या मालकाने घर विकले तर नवे घर मिळेल, काकू मिळणार नाहीत. मी एक निवासी संस्था पाहून आले. स्वच्छ होती, माणसेही बरी होती, पण सर्वांनी सायंकाळी एकाच वेळी एकाच लांब टेबलावर मिसळलेले वरण-भात जेवायचे होते. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही निवासी योजना आहे, कलमे आहेत, सर्व कागदावर आहे. मला माझ्या वस्तीत तीन-चार जणींसाठी एक घर, रात्री राहणारी एक मदतनीस आणि वेगवेगळी वाढलेली ताटे हवी आहेत.

मानेवाडेकर:
काकूंबद्दलचे तुमचे म्हणणे मला खोडता येत नाही, आणि ते मला आवडलेलेही नाही.

धाकटा भाऊ:
मावशी, त्या घराचा खर्च वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत. भावाला एकट्याची खोली लागेल आणि त्याच्याजवळ रात्री पुरुष मदतनीस लागेल, म्हणजे बहुधा शेजारी-शेजारी दोन सदनिका पाहाव्या लागतील.

लक्ष्मीनगरकर:
ठीक आहे. ‘एकटा राहणारा ऑटिस्टिक नसतो’ हे वाक्य मागे घेतो, म्हणजे बाईंना रात्री झोप लागेल. समितीकडे जाण्यापूर्वी मुलीशी बोलेन. मुलालाही विचारायचे, असा तुमचा आग्रह असेल तर विचारतो. तो काहीच सांगणार नाही, आणि मग येथे येऊन पुन्हा भांडेन.

मानेवाडेकर:
तोंडी विचारू नका. त्याच्या आताच्या खोलीचे एक छायाचित्र आणि तो बहिणीकडे राहायला गेला तर मिळणाऱ्या खोलीचे एक, अशी दोन्ही त्याच्यासमोर ठेवा आणि काही दिवस तशीच राहू द्या. आणि तो कोणत्या छायाचित्राकडे जातो हे तुमच्याऐवजी बहिणीला पाहू द्या, कारण तुमचे उत्तर आधीच ठरलेले आहे.