बिझनेस ॲनालिटिक्सची पदवी: मॅनेजमेंट विभागातली घेऊ की संख्याशास्त्र विभागातली?

तिसरा_बाक:
नमस्कार. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय आणि घरात दोन तट पडलेत. पहिला कोर्स मॅनेजमेंट विभागाचा, नावातच ‘बिझनेस ॲनालिटिक्स’ आणि ‘एआय’ दोन्ही. माहितीपत्रक गुळगुळीत, सरासरी पॅकेज मोठ्या अक्षरांत. दुसरा संख्याशास्त्र विभागाचा. त्यात व्यवसायाचे विषय जोडलेले आहेत, पण नाव अगदीच रुक्ष आणि वेबसाइटवर प्लेसमेंटचा फक्त एक तक्ता. मला गणित जमतं, आवडतं असं छातीठोकपणे नाही सांगत. पुढे एखाद्या कंपनीत डेटावर काम करायचं आहे, एवढं नक्की. निवडताना नेमकं काय बघू?

रकानेवाली:
नाव सोड. दोन्हीकडून सेमिस्टरवार सिलॅबस मागव, तोही पेपरच्या आतल्या युनिटसकट. वेबसाइटवर नसेल तर ऑफिसला मेल टाक. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

मी किरकोळ विक्रीतल्या डेटावर काम करते आणि आमच्या टीमसाठी नवीन मुलांच्या मुलाखतीही घेते. आमची एक ठरलेली परीक्षा आहे. दोन टेबलं देतो, एक ऑर्डरींचं आणि एक ग्राहकांचं. शहरवार एकूण विक्री काढा म्हणतो. ग्राहकांच्या टेबलात काही जण मुद्दाम दोनदा टाकलेले असतात. त्यामुळे दोन्ही टेबलं नुसती जॉइन केली, म्हणजे जोडली, की त्या ग्राहकांच्या ऑर्डरी दुप्पट होतात आणि विक्री फुगते. सीव्हीवर न्यूरल नेटवर्क लिहिलेली मुलं तो फुगलेला आकडा ग्राफ काढून, रंगबिंग देऊन समोर ठेवतात. एका मुलीने मात्र जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजल्या, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, “ओळी वाढल्या कशा?” तिला आम्ही तिथेच घेतलं. तिच्या सीव्हीत एआय हा शब्दही नव्हता.

ही सवय कुठे लागते ते सिलॅबसमध्ये शोधायचं. एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला, अख्खा पेपर आहे, की पाच युनिटांतल्या एका युनिटात पायथन आणि डॅशबोर्डच्या जोडीने कोंबलंय? संख्याशास्त्र पहिल्या वर्षीच संपतं, की पुढे रिग्रेशन (गोष्टींचा एकमेकींशी संबंध आकड्यांत मोजणं) आणि प्रयोगांची आखणी येते? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खऱ्या कंपनीच्या मळक्या डेटावर होतो, की इंटरनेटवरच्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या फाइलवर?

आता ते मोठ्या अक्षरांतलं सरासरी पॅकेज. दहा जणांच्या वर्गात नऊ जणांचा पगार ५ धर आणि एकाचा ५५. सरासरी येते १०, आणि १० मिळालेला माणूस वर्गात एकही नाही. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की अगदी मधे येतो तो, मात्र ५. म्हणून मध्यक विचार. आणि भागाकारात खाली कोण आहे तेही विचार: सगळी बॅच, की फक्त प्लेसमेंटला नाव नोंदवलेले? नोकऱ्यांपैकी डेटाच्या किती आणि विक्री विभागातल्या किती?

दोन विद्यापीठांच्या एकूण टक्केवाऱ्या समोरासमोर ठेवतानाही जपून. १९७३ साली बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी साधारण ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. सरळसरळ पक्षपात वाटतो. पण विभागवार पाहिलं तर तो पक्षपात जवळपास नाहीसाच होतो, कारण जिथे मुळात प्रवेशच कठीण तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. १९७५ मध्ये ‘सायन्स’ मासिकात यावर लेख आला. तुझ्या दोन तक्त्यांतही हेच लपलेलं असू शकतं: एकीकडची बरीच मुलं पुढच्या शिक्षणाला जात असतील, दुसरीकडे थेट नोकरी शोधत असतील. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ओपन डे असेल तर शिक्षकांना विचार, हा विरोधाभास तुमच्याकडे कुठल्या पेपरात येतो? उत्तरापेक्षा चेहरा बघ.

फळा_खडू:
रकानेवालीताईंचं बरंचसं पटतं, पण त्या तुम्हाला हळूच संख्याशास्त्राकडे ढकलताहेत. मी मॅनेजमेंट विभागात शिकवतो, तेव्हा माझाही कल गृहीत धरा.

एक उदाहरण देतो. सेवा सोडून जाऊ शकणारे ग्राहक ओळखायचं मॉडेल आमची मुलं चांगलं बनवतात. मग सगळ्यात वरच्या नावांना सवलत द्यायची, असं अहवालात लिहून मोकळी होतात. पण त्यातले काही सवलत देऊनही जाणारच असतात, आणि यादीच्या खालच्या भागातले काही तसेही थांबणारच होते. पैसे घालायचे ते सवलतीमुळे ज्याचा निर्णय फिरेल त्याच्यावर. हा प्रश्न सुचायला नफा-तोटा, किंमत ठरवणं, ग्राहकाचं वागणं हे शिकलेलं असावं लागतं. संख्याशास्त्राच्या विभागात हे विषय कधी कधी शेपटासारखे लावलेले असतात. तुमच्या दुसऱ्या कोर्समध्ये तसं आहे का, ते तपासा.

मानांकनाबद्दलही सांगतो, कारण माहितीपत्रकात शिक्के असतीलच. एएसीएसबी ही बिझनेस स्कूल तपासून मान्यता देणारी, १९१६ पासूनची संस्था, तिचं किंवा इक्विसचं मानांकन मुख्यतः अख्ख्या बिझनेस स्कूलला मिळतं. शाळा नीट चालते, एवढा दिलासा त्यातून घ्या. तुमच्या कोर्समधला डेटाबेसचा पेपर चांगला आहे असा त्याचा अर्थ नाही. आणि एएमबीएचा शिक्का दिसला तर लक्षात ठेवा, तो एमबीएसारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी असतो. तुमच्या पदवीशी त्याचा संबंध नाही.

फुकट_शिकलो:
एवढा खल कशाला? एसक्यूएल, पायथन सगळं नेटवर फुकट आहे. कुठलीही पदवी घे आणि घरी शिक.

रकानेवाली:
@फुकट_शिकलो, टूल घरी शिकता येतं, कबूल. पण तुझा निष्कर्ष चुकलाय हे कागदावर लाल करून दाखवणारं माणूस घरी मिळत नाही. म्हणूनच मी वर्गात किती मुलं आणि प्रोजेक्ट तपासतं कोण, हेही विचारायला सांगेन.

@फळा_खडू, ढकलतेय हे खरं. सवलतीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडेही त्यावरून दर तिमाहीत मार्केटिंगशी वाजतं.

तिसरा_बाक:
दोघांचेही खूप आभार. मेल टाकले होते, दोन्ही सिलॅबस आले. पहिल्या कोर्समध्ये ‘ॲनालिटिक्स फाउंडेशन’ नावाच्या एकाच पेपरात एक्सेल, एसक्यूएल, पायथन, ‘आर’ ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डॅशबोर्ड आहेत. संख्याशास्त्र दुसऱ्या सेमिस्टरला संपतं. दुसऱ्यात डेटाबेस तिसऱ्या सेमिस्टरला पूर्ण पेपर, रिग्रेशन वेगळं, प्रयोगांची आखणी पाचव्याला. पण सर म्हणाले तसं, अकाउंटिंग आणि मार्केटिंग दोन्ही इलेक्टिव्ह. मध्यक पगार पहिल्यांनी कळवलाच नाही. दुसऱ्यांनी कळवला, शिवाय पुढे शिकायला गेलेल्यांचा रकाना वेगळा दिला. मन दुसऱ्याकडे झुकतंय, फक्त गणिताची थोडी धास्ती आहे. ताई, इलेक्टिव्ह कोणते आणि कधी घेऊ?

रकानेवाली:
अकाउंटिंग आधी, आणि इंटर्नशिपच्या आधी. ताळेबंद वाचता येत नसेल तर कंपनीतल्या निम्म्या मीटिंगा डोक्यावरून जातात. मार्केटिंग नंतर घेतलंस तरी चालेल. धास्तीचं म्हणशील तर पहिल्या सेमिस्टरच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागव आणि दोन-तीन प्रश्न पुस्तक उघडं ठेवून सोडवून बघ. पुस्तक उघडं असूनही पान हलेना, तर प्रवेश घेण्याआधी पुन्हा इथे लिही.

अजून एक. इलेक्टिव्ह यादीत छापलेला असणं वेगळं आणि चालणं वेगळं. पुरेशी मुलं जमली नाहीत की बरेच विभाग तो पेपर गुपचूप रद्द करतात. मागच्या दोन बॅचना अकाउंटिंग खरोखर शिकवलं का आणि कोणी शिकवलं, हे फी भरायच्या आत लेखी विचारून घे.