घरच्या पीसीवर माइनक्राफ्ट सर्व्हर: सांगलीत चालतो, कराड-साताऱ्याहून जोडला जात नाही

आयर्विन_ठोकळे
चौघांनी मिळून माइनक्राफ्टमध्ये सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल उभा करायचाय, एक ठोकळा म्हणजे एक मीटर. सर्व्हर विश्रामबागेत: आय-थ्री, ८ जीबी रॅम, १०० एमबीपीएस फायबर, पेपर (माइनक्राफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर) टाकलंय. साताऱ्याचा गडी पीसीवर जावा एडिशन खेळतो, कराड आणि मिरजेचे दोघं मोबाइलवर. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलाय (बाहेरून येणारं कनेक्शन पीसीकडे वळवलंय), विंडोज फायरवॉलमध्ये परवानगी दिलीय. घरच्या वायफायवर जॉइन होतं, बाहेरून 'कनेक्शन टाइम्ड आउट'. मोबाइलवाल्यांना तर सर्व्हरच सापडत नाही. शिवाय पावसाळा तोंडावर आलाय, लाईट गेली की वर्ल्ड खराब होईल ही धास्ती. सुरुवात कुठून करू?

पेव_खणणारा
आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघ. मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून येणारा आकडा बघ. दोन्ही जुळत नसतील आणि वॅनचा १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० नं सुरू होणारा असेल, तर तू सीजीनॅटमागे आहेस. म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला असतो. तू घराचं दार उघडलंस, पण गावाची वेस बंद आहे आणि तिची किल्ली केबलवाल्याकडे. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघड, काही होणार नाही.

तीन वाटा आहेत. केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुझा, न बदलणारा पत्ता) घे, महिन्याला जादा पैसे लागतील. किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) वापर, पण ते चौघांकडेही हवं आणि राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल वेगळी उघडावी लागते. नाहीतर प्लेइटसारखा टनेल, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फतचा रस्ता. त्यात गड्यांना काहीच इन्स्टॉल करायला लागत नाही, मिळालेला पत्ता टाकायचा आणि झालं. माझं मत टनेलला. फेऱ्यानं पिंग (सिग्नल जाऊन यायचा वेळ) थोडं वाढतं, पण पूल बांधायला १०० मिलिसेकंद कुणाला जाणवतंय? मारामारी खेळणार असाल तर स्टॅटिक आयपी घ्या.

एक चकवा सांगतो. स्वतःच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून तपासू नकोस. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत यायला जमत नाही, सगळं बरोबर असूनही टाइम्ड आउट दिसतं. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर तपास.

कंदीपेढा
मोबाइलवाल्यांचा घोळ निराळा आहे. मोबाइलवर असते ती बेडरॉक एडिशन, तिला जावा सर्व्हरची भाषाच कळत नाही. पेपरच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये गीझर आणि फ्लडगेट टाक. गीझर दुभाष्याचं काम करतं, फ्लडगेटमुळे जावाचं खातं विकत न घेता आत येता येतं. यासाठी १९१३२ हा पोर्ट लागतो आणि तो यूडीपी असतो. २५५६५ टीसीपी आहे, प्रकारच वेगळा. बहुतेकांची गाडी इथंच अडते, टनेल एकच काढतात. दोन काढायचे. मोबाइलवाल्यांच्या नावापुढं टिंब लागतं, म्हणून व्हाइटलिस्टमध्ये (परवानगी असलेल्यांच्या यादीत) ते टिंबासकट जोडायला हवेत.

प्ले स्टोअर मोबाइलवरचा गेम गुपचूप अपडेट करतं आणि दुसऱ्या दिवशी 'आउटडेटेड सर्व्हर' येतं. तेव्हा पेपरला हात लावू नकोस, फक्त गीझरची नवी फाइल टाक. नाहीतर दोघांना ऑटो-अपडेट बंद करायला सांग.

रॅम ३ जीबी दे, ६ देऊ नकोस, विंडोजलाही जगायचंय. व्ह्यू-डिस्टन्स (किती लांबवरचं जग दिसावं) १० वरून ६ कर. १० ला प्रत्येक खेळाडूमागं ४४१ चंक (जगाचे १६ गुणिले १६ ठोकळ्यांचे तुकडे) लोड होतात, ६ ला १६९. पीसी राउटरला केबलनं जोड.

आयर्विन_ठोकळे
वॅन १००.७८ नं सुरू होतोय. म्हणजे वेसच बंद. टनेल काढतो. लॅग आला तर चूक नेटची की पीसीची, हे कसं ओळखायचं?

कंदीपेढा
ठोकळा फोडलास आणि तो क्षणात परत जागेवर आला, असं चौघांनाही एकदम होत असेल तर पीसी दमलाय. एकट्या कराडवाल्यालाच होत असेल तर त्याचं नेट. खात्रीसाठी सर्व्हरवर 'एमएसपीटी' कमांड दे (इंग्रजीत टाइप कर). टिक म्हणजे सर्व्हरच्या कामाची एक फेरी; सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. आकडा सतत पन्नाशीपार असेल तर व्ह्यू-डिस्टन्स अजून उतरव.

इन्व्हर्टर_काका
लाईटचं ऐक. पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस पुरे, मॉनिटर त्यावर लावू नकोस. तो खेळायला नाही, 'स्टॉप' कमांड देऊन सर्व्हर नीट बंद करायला. खिडकीच्या फुलीवर क्लिक करून बंद करायची सवय असेल तर ती आजच सोड. फायबरचा डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लागतो. त्याआधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज कर, १ अँपिअरच्या यूपीएसवर दोन्ही लटकवलेस की राउटर सारखा रीस्टार्ट होतो. गल्लीतल्या केबलवाल्याच्या बॉक्सला बॅकअप नसेल तर तुझा मिनी यूपीएस नुसता दिवे लुकलुकवत बसेल, तेव्हा त्याला आधी विचार.

चालू सर्व्हरचा बॅकअप घेताना सेव्ह-ऑफ (आपोआप सेव्ह थांबतं), मग सेव्ह-ऑल फ्लश, मग वर्ल्डची फोल्डरं कॉपी, मग सेव्ह-ऑन. शेवटचं विसरलास तर त्यानंतरचं बांधकाम आपोआप डिस्कवर उतरत नाही. वर्ल्ड उघडेनासं झालं तर घाबरू नकोस: 'लेव्हल डॉट डॅट'ची '_ओल्ड' नावाची जुनी प्रत शेजारीच असते, तिचं नाव बदलून वापर.

पेव_खणणारा
पुलाचं म्हणशील तर कृष्णेचं पाणी बादलीनं ओतत बसू नका, वाहतं पाणी सात ठोकळ्यांवर थांबतं आणि पात्र ओबडधोबड दिसतं. एका फटक्यात ठोकळे भरणारी फिल कमांड वापरा. एका कमांडला ३२,७६८ ठोकळ्यांची मर्यादा असते, म्हणजे ६४ गुणिले ६४ आणि खोली ८, बरोब्बर एक तुकडा. पात्राचे तसे तुकडे पाडा आणि ज्या तुकड्यात भरायचं तिथं कुणीतरी उभं राहा, चंक लोड नसेल तर कमांड नकार देते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, म्हणजे १३.७ मीटर. पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर चौदावा ठोकळा लाल लोकरीचा ठेवा.