‘संमती’ घ्यायची की नुसतं विचारायचं?

शेंगाचटणी : सोलापुरात जीडीएच्या, म्हणजे रुग्णसहायकांच्या वर्गासाठी मराठी टिपणं चालली आहेत. ‘रुग्णाला हात लावण्याआधी त्याची संमती घ्या’ या वाक्यावर गाडी अडली. ‘संमती’ म्हटलं की मुलांपुढे ऑपरेशनआधीचा फॉर्म उभा राहतो : कागद, सही, नातेवाईक. मग स्पंजिंग (ओल्या फडक्यानं अंग पुसणं), डायपर, कूस बदलणं यांना संमती लागत नाही असाच अर्थ निघतो. सही पेशंट आजींच्या मुलानं केलीय, मग आजींना कशाला विचारायचं! ‘परवानगी’ लिहू का?

पार्कचौक : नको. परवानगी वरून खाली येते. साहेब देतो, कारकून मागतो. फारसी ‘परवाना’तून आलेला शब्द आहे, त्याला कचेरीचा वास आहे. आपल्याकडे ‘रुकार’ आहे ना! रुकार घ्या, रुकार द्या.

कडकभाकरी : वरून खाली येते म्हणूनच ‘परवानगी’ बरी. अंग पेशंटचं, तिथे साहेब तोच. आणि रुकार आज कोण म्हणतं? लग्न ठरवतानाही ‘होकार’च येतो.

तळ्याकाठी : शब्दाआधी कायदा बघा. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. तपासणीपुरती दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. आणि सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना, जिवावरचा प्रसंग नसेल तर, आईची संमती रुग्णाच्या संमतीच्या जागी चालत नाही. खटला डॉक्टरांचा होता, पण स्पंजिंगलाही तोच हिशेब लावा : शुद्धीत असलेल्या आजींच्या वतीनं मुलगा ‘हो’ म्हणू शकत नाही. ‘संमती’च ठेवा, फक्त पुढे ‘तोंडी’ जोडा.

शेंगाचटणी : ‘तोंडी संमती’ वाचून मुलं ‘आजी, संमती आहे का?’ असं विचारतील, त्याचं काय?

तळ्याकाठी : मग कृतीच लिहा. पडदा ओढा. स्वतःचं नाव सांगा. काय करणार ते एका वाक्यात सांगा, भांडं किंवा टॉवेल दाखवा आणि पाच-सहा सेकंद गप्प राहा. घोळ इथेच होतो. विचारता विचारता हात चादरीखाली गेलेला असतो. ‘आता पुसू की चहा झाल्यावर?’ हा प्रश्न गोड आहे, पण त्यात ‘नको’ला जागाच नाही. ती ठेवा.

अक्कलकोटरोड : आणि ‘हं’ला होकार धरू नका. ‘हं’ म्हणजे ऐकू आलं, एवढंच. सोलापुरात तर जास्तच जपावं लागतं. पूर्व भागातल्या आजी तेलुगूत ‘वद्दु’ म्हणाल्या तर ते ‘नको’ आहे. अक्कलकोटकडच्या कन्नड पेशंटचं ‘ब्याड’ हेही ‘नकोच’. आपला पोरगा ते ‘बेड’ ऐकतो आणि बेडपॅन घेऊन येतो. नको म्हणणाऱ्या माणसाखाली बेडपॅन सरकवणं म्हणजे इच्छेविरुद्ध अंगाला हात लावणं. टिपणांत पहिल्या पानावर वद्दु आणि ब्याड छापा, संमतीचं नंतर बघू.

पार्कचौक : हे तर आणखीच भेसळ.

अक्कलकोटरोड : वॉर्डात भेसळच असते, सर.

कडकभाकरी : नकाराची नोंदही शिकवा. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ हा शेरा झाला, नोंद नव्हे. ‘९.१० ला स्पंजिंगला नको म्हणाल्या. सिस्टरना सांगितलं. १०.३० ला पुन्हा विचारलं, हो म्हणाल्या.’ ही नोंद. कूस बदलायला नकार असेल तर वाट बघत बसू नका, सिस्टरना लगेच कळवा. दर दोन तासांनी बदलायची कूस दोनदा चुकली तर माकडहाडावर लाली दिसू लागू शकते. लिहिताना चुकलं तर एक आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर नाही.

हुतात्मा_खिडकी : तसंच ‘पेशंट पडला’ लिहायचं नाही. पडताना बघितलं नसेल तर ‘जमिनीवर आढळला’.

शेंगाचटणी : हे घेते. आता ‘निष्काळजीपणा’चंही सांगा. ‘दुर्लक्ष’ वेगळं लिहू का?

हुतात्मा_खिडकी : वेगळंच. ओली चादर दिसूनही बदलली नाही, हे दुर्लक्ष. मधुमेहाच्या बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी पाणी न तपासता, फडकं न गुंडाळता लावली आणि फोड आला, ही हयगय. पोलिसांच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने’ असतं ते हेच. हयगयीनं मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, ५ वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना २ वर्षांची मर्यादा आहे. ती सवलत सहायकाला नाही, हे मुलांना सांगाच.

पार्कचौक : हयगय म्हणजे हय अधिक गय. घोड्याला मोकळं सोडणं, लगाम ढिला.

तळ्याकाठी : घोडा तुम्ही आणलात. ‘गय करणे’ म्हणजे सोडून देणे, त्याला ‘हय’ नुसता नादासाठी जोडला असेल. हाही अंदाजच.

कडकभाकरी : घोडे राहू द्या. संमतीला ‘राजी’ कसा वाटतो? ‘आजी राजी आहेत का?’ दख्खनी उर्दू बोलणाऱ्यालाही कळेल.

अक्कलकोटरोड : कन्नड-तेलुगूत राजी म्हणजे तडजोड. आजींना वाटेल भांडण मिटवायला आलात.

तळ्याकाठी : गंमत म्हणजे ‘राजीनामा’ हा मुळात संमतीचाच कागद. राजी असल्याचा नामा. नोकरी सोडण्याचा अर्थ नंतर चिकटला.

पार्कचौक : मग छापा ‘शस्त्रक्रियेचा राजीनामा’!

हुतात्मा_खिडकी : डॉक्टरच सही करून घरी जातील.

शेंगाचटणी : टिपणं उद्या छपाईला जाणार. सध्या ‘हात लावण्याआधी विचारा’ असं लिहिलंय.

पार्कचौक : ‘विचारा’ फार ढोबळ. कोणाला विचारा?

अक्कलकोटरोड : आणि कोणत्या भाषेत?